अंगणातला अनंत पिवळा का पडतो?

पंचायत समितीतल्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला लोक काय विचारतात? बोंडअळी, हुमणी, करपा, पीकविमा आणि अनुदान. तीस वर्षे मी हेच ऐकत आलो. पण शिवार पाहून झाले, ओसरीवर चहा आला, की घरातली बाई उंबऱ्याशी येऊन उभी राहते आणि धन्याचे बोलणे संपायची वाट पाहते. मग हळूच म्हणते, "भाऊसाहेब, जाता जाता आमचा अनंत बघता का? पिवळा पडलाय." धनी हसतो. त्याला वाटते, साहेबाला काय फुलझाडे दाखवायची! मी मात्र उठतो, कारण अंगणातल्या त्या एका झाडाकडे पाहून शिवारातल्या मातीबद्दल जे कळते, ते कधीकधी बांधावर तासभर उभे राहूनही कळत नाही.

हा प्रश्न मला कोकणात कोणी विचारला नाही. मी शिकलो दापोलीला. तिथे अनंत मागीलदारी, विहिरीच्या काठाला, गोठ्याच्या कुडाशी कुठेही वाढतो. त्याची कोणी निगा करीत नाही आणि तोही कोणाकडे काही मागत नाही. वैशाखात पांढऱ्या टपोऱ्या फुलांनी भरतो, एक फूल तांब्यात ठेवले तर माजघर दरवळते. नोकरी लागून मी घाटावर आलो आणि इथले अनंत पाहिले, तेव्हा झाड तेच, पण तब्येत मात्र कावीळ झाल्यासारखी. नवी पालवी लिंबासारखी पिवळी, कळ्या येतात त्या उमलण्याआधीच गळतात, आणि घरातली माणसे हातात फवारणीची बाटली घेऊन झाडाभोवती उभी.

अनंताची थोडी ओळख करून घेऊ. तो मूळचा चीन-जपानकडचा. आपल्याकडे इतका रुळला की परका वाटत नाही. कुळ कॉफीचे. त्याचे सख्खे भाऊबंद मात्र आपल्या डोंगरात आहेत. आजीच्या बटव्यातली डिकेमाली तुम्हाला ठाऊक असेल, तिचा डिंक देणारे झाड हे अनंताचेच भावंड. इंग्रजीत याला गार्डेनिया म्हणतात. गार्डन म्हणजे बाग, त्यावरून हे नाव पडले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत अलेक्झांडर गार्डन नावाचा एक डॉक्टर होता, त्याच्या आडनावावरून ते ठेवले गेले. आपण लावतो तो दुहेरी पाकळ्यांचा, त्याला सहसा फळ धरत नाही. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी फळे येतात आणि जपानात त्या फळांच्या रंगाने मुळ्याचे लोणचे पिवळे करतात. केशराला जो पिवळा रंग असतो, तोच पदार्थ या फळात आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. काही अंगणांत अनंत म्हणून दाखवतात ती असते दुहेरी तगर. पान तोडून पाहा. देठातून दुधासारखा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो, आणि त्याचे पान जास्त गडद, तेल लावल्यासारखे चकचकीत असते. तगर काळ्या मातीत बिनतक्रार वाढते. तेव्हा शेजारणीचा "अनंत" हिरवागार आणि आपला पिवळा, असे असेल तर आधी शेजारणीच्या झाडाचे पान तोडून बघा.

आता पिवळेपणाकडे येऊ. पिवळे पान दिसले की रोग पडला, असे आपण धरून चालतो. पण पान कुठले पिवळे आहे आणि कसे पिवळे आहे, हे पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. खालची, आतली, जुनी दोन-चार पाने पिवळी होऊन गळत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर काळजी नको. सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच. खालची पुष्कळ पाने एकसारखी फिकी होत वर वर चढत असतील तर नत्र कमी पडले. सगळे झाडच मलूल, माती ओली असूनही पाने लोंबलेली, तर मुळाशी पाणी साचले आहे. बोटाने माती उकरा, मुळे तपकिरी असतील आणि कुजका वास येत असेल तर तेच कारण.

पण घाटावरच्या दहातल्या आठ अनंतांचा पिवळेपणा यातला कुठलाच नसतो. त्यात शेंड्याचे कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळी काढावी तसे. फारच वाढले तर पान पांढुरके होते आणि कडा करपतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. लोह झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही, म्हणून जुनी पाने आपले लोह धरून हिरवी राहतात आणि नव्याला मिळत नाही. हे एक लक्षण ध्यानात ठेवले तरी निम्मे काम झाले.

तुम्ही म्हणाल, आमच्या मातीत लोह नाही की काय? आहे, भरपूर आहे. कोकणची तांबडी माती आणि देशावरची काळी माती या दोघी एकाच काळ्या पाषाणाच्या लेकी. पण एक सासरी गेली धो धो पावसात आणि दुसरी दुष्काळी मुलखात. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजारो वर्षांच्या त्या पावसाने मातीतला चुना धुऊन समुद्रात नेला, लोह मागे राहिले आणि गंजून तांबडे झाले. देशावर पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. चुना धुतला गेला नाही, खाली साचत राहिला. नांगराच्या तासाला पांढरे खडे वर येतात ना, तोच हा चुना. अशा मातीचा सामू आठाच्या घरात जातो आणि लोह मातीत असूनही विरघळत नाही, कुलूप लावलेल्या कणगीतल्या धान्यासारखे. अनंताला हवा सामू पाच ते सहा. त्याच्या मुळांकडे ते कुलूप उघडायची ताकद नाही. तगरीकडे, कडुनिंबाकडे आहे, म्हणून ती झाडे शेजारी हिरवी दिसतात.

यात भर घालतो आपण, अंगणातल्या सवयींनी. फुलझाड लावायची आपली ठरलेली जागा म्हणजे मोरीच्या पाण्याची वाट. पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगली, जास्वंद आणि केळ तिथे खुशाल लावा. पण मोरीच्या पाण्यात साबण, सोडा, भांड्यांची राख, आणि हे सगळे मातीचा सामू वर चढवणारे. चुलीची राख तर आपण खत म्हणून मुठीमुठीने घालतो. गवारीला, दुधीला ती चालेल, अनंताला विषासारखी. हाडांचे खतही नको, त्यात पुन्हा चुनाच. भिंतीला चुना लावला की पावसात ओघळून खाली मुळाशी येतो. नवीन सिमेंटची कुंडीही चुना सोडते. आणि विहिरीचे वा बोअरचे पाणी? त्याची परीक्षा बायकांना माझ्यापेक्षा जास्त येते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबात पांढरा थर धरतो. असे पाणी रोज घालणे म्हणजे रोज चिमूटभर चुना घालणे.

गोदाकाठच्या एका गावातल्या काकूंची हकिगत सांगतो. काकू माहेरच्या देवरुखाकडच्या. लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी काळ्या रानात आल्या. आई होती तोवर दर उन्हाळ्यात माहेरी जाणे होई. आई गेली, भावांच्या वाटण्या झाल्या, घर वाढवताना मागीलदारचा जुना अनंत तोडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी काकूंनी त्याची एक गुटी बांधून इकडे आणली होती, तेवढी राहिली. मोरीच्या कडेला लावली. पहिल्या वर्षी सात-आठ फुले आली, दुसऱ्या वर्षापासून पिवळी पडायला लागली. मी गेलो तेव्हा चौथे वर्ष होते आणि झाड गुडघ्याएवढेच, शेंडे पांढुरके.

काकू म्हणाल्या, "भाऊसाहेब, पोरानं तीन फवारे मारले. कपाशीचं औषध उरलं होतं ते. झाडाचा रंग काही फिरेना. आता दोन कळ्या दिसतायत. फूल आलं तर देवाला वाहू की नको?"

हा प्रश्न मला फार वेळ पुरला. किडीचे औषध मारून लोहाची कमतरता कशी भरून यावी? झाडावर कीड नव्हतीच. पण पंपात उरलेले कपाशीचे जहाल औषध ज्या फुलावर पडले, ते फूल बाई केसात माळणार, नात नाकाला लावून हुंगणार, आणि देवापुढच्या ताम्हनात ते पाणी तीर्थ म्हणून हातावर पडणार. कपाशीसाठी विकलेले औषध अंगणातल्या फुलासाठी नसते, बाटलीवर तसे छापलेले असते, पण ते वाचतो कोण! मी काकूंना म्हटले, "या दोन कळ्या खुडून पुरून टाका. फूल पुढच्या साली वाहा." त्यांना वाईट वाटले, पण त्यांनी माझ्यादेखत खुडल्या. मुलाला मी उरलेली बाटली कुठे ठेवतोस ते विचारले. मोरीच्याच कोनाड्यात, खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी होती. ती आधी कुलपात गेली आणि मगच आम्ही झाडाकडे वळलो.

आषाढ होता, म्हणजे झाड हलवायला वेळ बरी. आंब्याच्या पेट्या घेऊन येणाऱ्या टेंपोवाल्याकडून काकूंनी आधीच तांबड्या मातीची चार पोती मागवून ठेवली होती. माहेरची माती म्हणून, मी सांगितले म्हणून नव्हे. प्लॅस्टिकचा दोनशे लिटरचा जुना पिंप, धान्याचा होता, औषधाचा नव्हे, तो आडवा कापून अर्धा घेतला. तळाला भोके पाडली, विटांचे तुकडे घातले. जुन्या बांधकामाचा पाला-खडी घालू नका हो, त्यात चुना असतो. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग पुरते कुजलेले शेणखत असे मिश्रण भरले. झाड मुळांच्या गड्ड्यासह उचलले, भोवतीची काळी माती पाण्याच्या धारेने हलकेच सोडवली, आणि पिंपात लावून पूर्वेच्या बाजूला, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली अशा जागी ठेवले. पत्र्याच्या वळचणीला दुसरा पिंप ठेवला, पावसाच्या पाण्यासाठी. दहा चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटरचा पिंप भरतो, एवढे सोपे गणित आहे. मात्र त्यावर घट्ट झाकण हवे, नाहीतर डासांची पैदास होऊन डेंग्यूला आमंत्रण.

जी पाने पिवळी होती ती तशीच राहिली आणि हळूहळू गळून गेली. ती पुन्हा हिरवी होण्याची वाट पाहू नका. नवी पालवी पाहा. दिवाळीच्या सुमारास शेंडे गडद हिरवे निघाले. पुढच्या ज्येष्ठात सहा फुले आली, काकूंनी मोजून सांगितली.

पण मला या हकिगतीत जास्त आनंद झाला तो निराळ्या कारणाने. काकूंचा मुलगा एक दिवस भुईमुगाची डहाळी घेऊन कचेरीत आला आणि म्हणाला, "साहेब, हे आईच्या अनंतासारखंच दिसतंय." होतेही तसेच. त्याच्या वरच्या चुनखडीच्या तुकड्यात दर उन्हाळी भुईमूग पिवळा पडे आणि तो दर वर्षी युरिया टाकी. शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या, मग युरिया काय करणार? हिराकसाची फवारणी घेतली आणि रान सुधारले. उसाला केवडा पडतो म्हणतो आपण, तोही बहुतेक हाच दोष. तिथे एकरी दहा किलो हिराकस दसपट चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावे, म्हणजे ते चुन्याच्या तावडीत लगेच सापडत नाही. मोसंबीची बाग असेल तर तिचे शेंडेही या नजरेने पाहून या. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली, पत्रिकेत सामू आणि लोहासह बारा गोष्टी दिलेल्या असतात. पण मुक्त चुना त्या बारांत नसतो, तो निराळा तपासून मागावा लागतो. घरच्या घरी पाहायचे तर कोरड्या मातीवर आणि तिच्यातल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले की चुना आहे.

सगळ्यांना तांबडी माती मिळेल असे नाही, किंवा झाड जमिनीत मोठे झाले आहे, हलवता येत नाही. त्यांनी हिराकसाची फवारणी करावी. एक लिटर पाण्यात आधी अर्ध्या लिंबाचा रस, मग पाच ग्रॅम हिराकस. चांगला हिराकस हिरवट असतो. तपकिरी गंजलेला असेल तर दुकानदाराला परत करा, तो निकामी. संध्याकाळी, नव्या पालवीवर, दोन्ही बाजूंनी फवारा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असे तीनदा. फुले असताना नको, पाकळ्यांवर डाग पडतात. फरशीवर आणि लुगड्यावर पडलेला डागही जात नाही, हे आधी सांगितले नाही तर घरात बोलणी खावी लागतील. हा इलाज मात्र तात्पुरता. पुढची पालवी पुन्हा पिवळी निघणार. मातीतून द्यायचे तर दुकानात चिलेटेड लोह मिळते, पण पुडीवर ईडीडीएचए अशी अक्षरे पाहून घ्या. स्वस्तातले ईडीटीए फवारायला ठीक, चुनखडीच्या मातीत टाकले तर टिकत नाही. गंधकाची भुकटीही सुचवतात. तिने सामू उतरतो हे खरे, मातीतले जिवाणू तिचे आम्ल करतात. पण जिथे चुनखडीचे खडेच दिसतात तिथे ती किती टाकणार? मी तरी त्यापेक्षा पिंप बरा म्हणतो. विहिरीच्या पाण्यावाचून इलाज नसेल तेव्हा दहा लिटरच्या बादलीत एका लिंबाचा रस पिळून घाला, थोडा उतार पडतो.

रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाबद्दल एक सूचना. पिशवीत तांबडी माती असते. ते तसेच काळ्या मातीत लावले तर वर्षभर झाड खुशीत राहते, फुलेही देते. मुळे तांबड्या गोळ्याबाहेर पडली की दुसऱ्या वर्षी पिवळेपणा सुरू होतो आणि आपण म्हणतो, कोणाची दृष्ट लागली.

खताचे फार लाड नकोत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चहाचा एक चमचा अमोनियम सल्फेट, ओल्या मातीत, खोडापासून दूर, कडेकडेने. हे खत थोडे आम्लधर्मी, म्हणून अनंताला मानवते. चहाचा चोथा घालायचा तर घाला, पण धुऊन. साखर-दुधासकट घातलात तर मुंग्या येतील. स्फुरदाचे खत जास्त झाले तरी लोह अडते. उसाचे पाचट किंवा सुका पाला दोन-तीन बोटे जाड पसरा, उन्हाळ्यात मुळांना गारवा राहतो.

चहावरून आठवले. दार्जिलिंगकडे किंवा उटीला सहलीला गेलेले लोक तिथली कॅमेलियाची फुले पाहून वेडे होतात. गुलाबासारखे घडीव फूल, मेणात ओतल्यासारखे. काहीजण रोपही घेऊन येतात. कॅमेलिया हे चहाचेच भावंड, आणि त्याला अनंतासारखीच आम्लधर्मी माती आणि मऊ पाणी लागते. कळ्या गळण्याची खोडही तशीच. पण त्याला थंडावा हवा, आपल्या चैत्र-वैशाखाच्या झळा तो सोसत नाही. पैसे वाया घालवू नका. अनंत जमला तर कॅमेलियाची हौस त्यात भागते, वर सुवासही मिळतो, जो बहुतेक कॅमेलियांना नसतो.

कळ्या का गळतात, हे विचारणाऱ्या भगिनी पुष्कळ. झाड हिरवे आहे, कळ्या भरपूर, पण बोराएवढ्या झाल्या की टपाटप पडतात. बहुतेक वेळा कारण पाण्याची ओढाताण असते. चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी दोन बादल्या ओतायच्या, हे अनंताला खपत नाही. कळी धरल्यापासून फूल येईपर्यंत माती सारखी ओलसर हवी, चिखल नको. दुपारचा कोरडा वारा हे दुसरे कारण. पश्चिमेला गोणपाट बांधा. कळ्या असताना कुंडी जागची हलवू नका, लग्नाच्या मांडवासाठी उचलून दारात ठेवली की कळ्या गेल्याच समजा. आणि दाट सावलीत झाड पालवते, फुलत नाही. छाटणी फुलांचा बहर संपला की लगेच, श्रावणापर्यंत उरका. फूल येते शेंड्यावर, थंडीत शेंडे छाटले तर उन्हाळ्यात फुले कुठून येणार?

किडीचे थोडक्यात. पानांवर काजळी धरली तर ती काजळी पुसत बसू नका. वर, पानाच्या मागे, पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा किंवा पांढरी माशी आहे, तिच्या गोड चिकट्यावर ती बुरशी वाढते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की ओळखा. त्या कीड खात नाहीत, तिचा चिकटा खातात आणि तिची राखण करतात. आधी पाण्याची जोरदार धार पानांच्या मागून मारा. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढा. मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि किंचित साबण चांगले ढवळून, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. एका झाडासाठी याहून जहाल काही लागत नाही. सगळे करूनही झाड खुरटेच राहिले तर उपटून मुळे पाहा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. मग ती माती फेकून नव्या मातीत नवे रोप लावणे बरे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात या त्रासामुळे अनंत दुसऱ्याच एका गार्डेनियाच्या खुंटावर बांधतात.

शेवटी गुटीबद्दल, कारण एकुलत्या एका झाडावर भिस्त ठेवणे मला पटत नाही. काकूंनाही मी तेच सांगितले होते. पावसाळा लागला की आदल्या वर्षीची, पेन्सिलीएवढी जाड, हिरवीगार फांदी निवडा. पिवळ्या झाडाची गुटी करू नका, आधी ते हिरवे होऊ द्या. दीड बोट रुंदीची साल गोलाकार काढा, आतला चिकट थर फडक्याने पुसा, भिजवून पिळलेले शेवाळ मूठभर त्यावर बसवा आणि प्लॅस्टिकच्या कागदाने दोन्हीकडून घट्ट बांधा, पाणी आत शिरता कामा नये. सहा ते आठ आठवड्यांत कागदातून पांढरी मुळे दिसतील. ती तपकिरी होऊ लागली की खालून कापा, निम्मी पाने काढा, तांबड्या मातीच्या पिशवीत लावून महिनाभर सावलीत ठेवा. काकूंनी गेल्या पावसाळ्यात तीन बांधल्या. एक लेकीकडे श्रीरामपूरला गेली, सोबत तांबड्या मातीचे एक पोते आणि मोरीपासून लांब ठेव, असा निरोप. दुसरी देवरुखला भावाच्या दारी. तिसरीसाठी सून पिंप शोधते आहे.